खोक्याचा आवाज

अण्णांनी ब्लेडचं टोक दोऱ्याखाली सरकवलं आणि पहिली गाठ कापली. मग दुसरी, मग तिसरी. कॉम्प्युटरचं खोकं जेवणाच्या टेबलावर आडवं पडलं होतं, त्याच्या एका अंगाचा पत्रा काढून भिंतीला टेकवला होता, आणि आत चारच दिवसांपूर्वी अण्णांनी स्वतः बांधलेल्या तारांच्या जुड्या दिसत होत्या. दर बोटभर अंतरावर मेणाच्या दोऱ्याची एक गाठ, आणि सगळ्या गाठी एका रेषेत. टेलिफोन एक्सचेंजमध्ये छत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. हाताखालच्या माणसाची एक गाठ जरी वाकडी आली तरी अख्खी जुडी सोडून पुन्हा बांधायला लावत, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना 'गाठवाले' म्हणत. आता गाठवाल्यांवर आपल्याच गाठी कापायची पाळी आली होती.

सुनेने चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवला. तारांकडे बघून तिचा चेहरा पडला.

"राहू द्या ना अण्णा. किती खटाटोप कराल?" ती म्हणाली.

अण्णांनी मान वर न करता हात हलवला. त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून, जरा वरच्या पट्टीत बोलावं लागे. एक्सचेंजमधल्या जुन्या यंत्रांची खटखट रात्रंदिवस चालायची; तिने छत्तीस वर्षांत त्यांचे कान बारीक बारीक कुरतडून नेले होते. कानाचं मशीन लावा असं सगळे सांगून थकले. अण्णांचं म्हणणं असं की जगात ऐकण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही, आणि जे आहे ते लोक दोनदा सांगतातच. अशा माणसाने एका यंत्राचा आवाज घालवायचा विडा उचलला होता. पण ते कानाने काम करतच नव्हते. ते हाताने करत होते.

चार दिवसांपूर्वी आणलेली वस्तू परत गेली, ती याच आवाजापायी. पॉवर सप्लाय म्हणजे खोक्याच्या मागच्या कोपऱ्यात बसणारा विटेएवढा डबा. भिंतीतली वीज घ्यायची आणि आतल्या प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या मापाने वाढायची, एवढंच त्याचं काम. जुना डबा दहा वर्षांचा होता, त्याचा पंखा म्हाताऱ्यासारखा कण्हत फिरायचा. अण्णांनी जाऊन नवा आणला, मॉड्युलर जातीचा. म्हणजे तारा डब्याला चिकटलेल्या नाहीत, वेगळ्या पिशवीत येतात. ज्या लागतील तेवढ्याच खाचेत खोचायच्या, बाकीच्या कपाटात. एक्सचेंजच्या माणसाला आवडावी अशीच ही सोय. त्यांनी तो बसवला, तारा बांधल्या, बटण दाबलं आणि सुनेला विचारलं, "आता?" सून थोडा वेळ खोक्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, पुष्कळ कमी झालाय, पण थोडा आहे अजून.

झालं. अण्णा डबा काखेत मारून पुन्हा दुकानात. दुकानदाराने तो चालू करून कानाशी धरला आणि म्हणाला, काका, मला तर काहीच ऐकू येत नाही. "तुला नसेल येत, सुनेच्या माइकला येतो," अण्णांनी त्याला ठणकावलं. शेवटी त्याने हात टेकले आणि दुसऱ्या कंपनीचा, त्याहून वरचा डबा दिला. याचा पंखा डबा तापल्याशिवाय फिरतच नाही, म्हणाला. अण्णांना वाटलं, चला, बरं झालं, तारा तर घरी बांधलेल्या आहेतच, फक्त डबा बदलायचा. त्यावर दुकानदाराने डोक्याला हात लावला. काका, खाच तीच दिसते, पण आतल्या तारांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. जुन्या तारा नव्या डब्याला लावाल आणि डिस्क जाळून बसाल. त्या तारा मला परत आणून द्या आणि पिशवीतल्या नव्या लावा.

म्हणून ब्लेड. अण्णांनी शेवटची गाठ कापली, जुन्या तारा उपसून बाजूला ठेवल्या आणि चहाचा घोट घेतला. तो केव्हाच गार झाला होता.

या सगळ्याची सुरुवात महिन्याभरापूर्वी झाली. सून सकाळी एका शाळेत तात्पुरतं शिकवायची आणि दुपारी तीन ते पाच आपल्या खोलीचं दार लावून माइकसमोर पुस्तकं वाचायची. गावातली एक संस्था अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं बोलती करत असे. आतापर्यंत सुनेने गोष्टींची दोन-तीन पुस्तकं वाचून दिली होती. आता संस्थेला कॉलेजची पाठ्यपुस्तकं करून घ्यायची होती, सगळा संच, दोन वर्षांचं काम. त्यासाठी नमुन्याचं एक प्रकरण मागितलं होतं, मातीविषयीच्या पुस्तकातलं. सुनेने पाठवलं, ते परत आलं. मागे आवाज येतो म्हणून. पुन्हा वाचून पाठवलं, पुन्हा परत. त्या दिवशी अण्णांनी तिला विचारलं होतं, कसला आवाज? सून गडबडली. तिने खोलीभर नजर फिरवली आणि ती टेबलाखालच्या खोक्यावर येऊन थांबली. "याचाच असेल," ती म्हणाली.

अण्णांनी खोक्यावर तळहात ठेवला. घरघर हातातून कोपरापर्यंत चढली. त्यांना फार बरं वाटलं. चोर सापडला होता, आणि तो त्यांच्याच जातीचा होता.

बरं वाटायला दुसरंही कारण होतं. मुलगा आठ महिन्यांपासून दूरच्या शहरात, एका पुलाच्या कामावर होता. ते काम अजून दोन वर्षं चालणार. तिथल्या एका शाळेने सुनेला नोकरी देऊ केली होती आणि महिनाअखेरपर्यंत उत्तर मागितलं होतं. इथलं वाचनाचं काम मिळालं तर सून इथे राहणार. नाही मिळालं तर इथे राहायला तिला कारणच काय? ती आली होती ती सासूच्या आजारपणात. सासूचं सगळं तिने केलं, आणि सासू गेल्यावरही दीड वर्ष राहिली. अण्णा, तुम्हीही चला, असं मुलगा दर रविवारी फोनवर म्हणे, आणि अण्णा दर रविवारी 'बघू' म्हणत. जायचं नव्हतं हे त्यांना माहीत होतं, मुलालाही माहीत होतं. सून गेली तर या तीन खोल्यांत आपण एकटे, हे मात्र अण्णांनी कुणालाच बोलून दाखवलं नव्हतं. म्हणजे, बायकोला सांगत. दुपारी जेवण झालं की ते आपल्या खुर्चीत पाय पसरून डोळे मिटत आणि दिवसभरात काय काय झालं ते तिला सांगत. अर्थात मनातल्या मनात. बेचाळीस वर्षांची सवय, ती काय माणूस गेलं म्हणून लगेच सुटते?

नवा डबा जागेवर बसला. अण्णांनी चार स्क्रूंखाली सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेल्या रबराच्या चकत्या घातल्या, म्हणजे पत्र्याला पत्रा लागून थरथर नको. रुंद तोंडाची तार मुख्य बोर्डात दाबली. ती खटकन बसली ते अंगठ्याला कळलं. मग प्रोसेसरची, मग डिस्कची. पिशवीतल्या उरलेल्या तारा त्यांनी रबर लावून ठेवून दिल्या. आणि पुन्हा मेणाचा दोरा काढून दर बोटभर अंतरावर गाठी मारायला बसले. सून म्हणाली, अहो, पत्रा लावला की आतलं कोण बघणार आहे? "मी," अण्णा म्हणाले.

जेवणाआधी काम झालं. खोकं उभं केलं, खाली फोमचा तुकडा सरकवला, बटण दाबलं. अण्णांनी पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी खोक्यावर ठेवली आणि डोळे बारीक करून पाण्याकडे बघत बसले. जुन्या डब्याच्या वेळी पाण्यावर सारख्या बारीक वळ्या उठायच्या. पहिल्या नव्याच्या वेळी कडेकडेने थोडं थरथरायचं. आज पाणी आरशासारखं स्थिर. अण्णांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक डब्यावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवली. काही नाही. जणू खोक्यात वीजच नव्हती.

"आता?" त्यांनी विचारलं.

सून वाटीकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं अण्णांना वाटलं, आणि ते मनातून सुखावले. कामाची कदर असावी तर अशी.

"आता काहीच नाही, अण्णा," ती म्हणाली. "इतकं शांत खोकं मी कधी बघितलं नव्हतं."

त्या दुपारी तिने दार लावून ते प्रकरण पहिल्यापासून पुन्हा वाचलं. अण्णा खुर्चीत पडले होते. शिकार करून आलेल्या माणसासारखी त्यांना गोड गुंगी आली, आणि बायकोला सांगण्यासारखंही आज पुष्कळ होतं.

तिसऱ्या दिवशी सुनेला संस्थेतून पाकीट आलं. ती ते घेऊन खोलीत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिने भाजीचा विषय काढला. अण्णांनी थेट विचारलं, पास का? ती म्हणाली, जवळजवळ. थोडं आहे म्हणतात अजून, मी बघते काहीतरी. शेवटची एक संधी दिलीय शनिवारपर्यंत. आणि पिशवी घेऊन ती बाजारात गेली.

थोडं आहे म्हणजे काय? अण्णांचं डोकं तडकलं. पाणी हलत नाही, पत्रा हलत नाही, पंखा फिरत नाही, आणि म्हणे थोडं आहे. आता राहिला कोण? डिस्क? तिच्या स्क्रूंखाली रबर घालायचं राहिलं होतं खरं. पण यावेळी अंदाजाने नाही. आपण स्वतः ऐकायचं. सुनेचे मोठे हेडफोन कान पूर्ण झाकणारे होते, आणि त्यांचा आवाज हवा तेवढा वाढवता येत असे. अण्णांनी आतापर्यंत ते कधी हातात घेतले नव्हते. परक्याच्या चष्म्याला हात लावल्यासारखं वाटायचं. आज ते तिच्या खुर्चीत बसले, हेडफोन चढवले आणि पडद्यावरची शेवटची, काटछाट न केलेली फाइल उघडली. आवाजाची पट्टी ओढत ओढत टोकाला नेली.

सुनेचा आवाज त्यांच्या डोक्याच्या मधोमध सुरू झाला. अण्णा दचकले. चार वर्षं ती या घरात होती आणि तिचा आवाज असा आहे हे त्यांना आज कळत होतं. ती त्यांच्याशी बोलायची ती ओरडून. हा आवाज ओरडणारा नव्हता. सावकाश, भरलेला, समोर कुणीतरी बसलंय आणि त्याला घाई नाही असा. ती वाळूबद्दल वाचत होती, मग गाळाबद्दल. तिच्या दोन वाक्यांच्या मधली जागा अण्णा कान देऊन तपासत होते. घरघर नाही. शिट्टी नाही. काळोखासारखी शांतता. शाबास, त्यांनी स्वतःला म्हटलं.

"चिकणमातीचे कण इतके बारीक असतात," सून वाचत होती, "की त्यांच्यामधून पाणी..."

आणि मागून कुणीतरी बोललं.

पुरुषाचा आवाज होता. भिंतीपलीकडून आल्यासारखा, पण चांगला खणखणीत. अण्णांच्या कपाळाला आठ्या पडल्या. शेजारचा असणार, दुसरं कोण! दुपारच्या वेळी माणसांना आवाज खाली ठेवता येत नाही का? म्हणजे इतके दिवस हा उपटसुंभ तिच्या पुस्तकात बोलत होता आणि आपण डबे बदलत बसलो. त्यांनी फाइल मागे नेली आणि हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले.

"...नाही गं, तसं नाही," तो आवाज म्हणत होता, "पंखा फिरतच नाही आता. मी वाटी ठेवून बघितली ना. तू असतीस तर म्हणाली असतीस, माझी वाटी कशाला घेतलीत."

अण्णांचे हात हेडफोनवरच राहिले.

"रविवारी परत म्हणाला, चला. मी म्हटलं बघू. काय सांगू त्याला? तुला इथे सोडून कसा जाऊ? वेडा म्हणेल. पण एक सांगतो. ही पोरगी गेली ना, की माझं काही खरं नाही बघ. घर खायला उठेल. तिला सांगू नकोस हं हे. तिच्या पायात अडकायचं नाही मला. तिचं तिकडे सगळं आहे. तू आपली ऐकून ठेव, झालं."

मग तो आवाज थांबला. सुनेने वाचायला सुरुवात केली नाही. हेडफोनमध्ये नुसता तिचा श्वास येत होता. भिंतीपलीकडे पुन्हा काहीतरी सुरू झालं, दुकानदाराबद्दल, डिस्क जाळण्याबद्दल, अगदी रंगात येऊन. ते बराच वेळ चाललं. सून थांबूनच होती. दार उघडल्याचा आवाज नाही, खुर्ची सरकल्याचा नाही. पलीकडचं बोलणं पूर्ण संपलं, त्यानंतरही ती थोडा वेळ थांबली, आणि मग पान नीट केल्याची सळसळ झाली. "चिकणमातीचे कण," तिने सुरू केलं, आणि तिचा आवाज फाटला. पाणी प्यायल्याचा आवाज. "चिकणमातीचे कण," ती पुन्हा म्हणाली. यावेळी आवाज स्वच्छ होता.

अण्णांनी हेडफोन काढले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण मनात बोलतो असं त्यांना दीड वर्षं वाटत होतं. मनातलं आणि तोंडातलं यांच्यामध्ये कान नावाचा पहारेकरी असतो, आणि आपला तो केव्हाच निवृत्त झालाय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. रोज दुपारी ते घरभर ऐकू जाईल असं बोलत होते, आणि भिंतीपलीकडे सून ऐकत होती. काय काय बोललो असू? तिच्या हातची आमटी पातळ असते, हे एकदा बोललो होतो. आणि बाकीचं? जे मुलालाही सांगितलं नव्हतं ते?

पडद्याशेजारी संस्थेचं पाकीट उघडं पडलं होतं. दुसऱ्याचं पत्र वाचणारा माणूस अण्णा नव्हेत. पण आज त्यांनी वाचलं. संस्थेतल्या बाईंनी लिहिलं होतं: आपलं वाचन आम्हाला फार आवडलं आहे. यंत्राच्या घरघरीची चिंता करू नका, एकसारखा आवाज आम्हाला इथे सहज काढता येतो, हे पहिल्या पत्रातही कळवलं होतं. मात्र आपण वाचत असतानाच मागे एक गृहस्थ बोलत असतात, ते आपल्या शब्दांत मिसळलेलं काढता येत नाही. त्यांना दोन तास शांत राहायची विनंती करता येईल का?

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. करता आली असती तिला विनंती. एवढंसं तर वाक्य होतं. ते बोलायच्या ऐवजी तिने खोक्याकडे बोट दाखवलं, आणि सासऱ्याने दोनदा डबे बदलले, रबर कापलं, गाठी मारल्या, तरी तिने तोंडातून ब्र काढला नाही. काम जायची वेळ आली तरी नाही.  अण्णांना लाज वाटत होती, आणि लाजेच्या तळाशी आणखी काहीतरी होतं. चार वर्षं आपण तिला घरातलं माणूस म्हणत होतो, नुसतं म्हणतच होतो.

सून बाजारातून आली तेव्हा हेडफोन होते तसे, त्याच कोनात खुंटीवर होते. पाकीटही होतं तसं. अण्णा पायांत बूट घालत होते.

"कुठे निघालात या उन्हात?"

"फिरायला," अण्णा म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलंय. तीन ते पाच. रोज."

डॉक्टर असं काही सांगतील, तेही दुपारी तीनला, हे शेंबड्या पोरालाही पटलं नसतं.  सुनेने पाण्याची बाटली भरून आणून दिली.

पहिल्या दिवशी अण्णा वाचनालयात गेले. पंख्याखालची जागा, समोर वर्तमानपत्र, आणि ओठ घट्ट मिटलेले. अर्ध्या तासाने समोरच्या माणसाने वर बघून विचारलं, मला काही म्हणालात का? अण्णा उठलेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी डोकं चालवलं आणि लोखंडी कपाटं करणाऱ्या कारखान्याशेजारचा बाक निवडला. तिथे पत्र्यावर हातोड्यांचा असा दणदणाट चालला होता की शेजारी तोफ सुटली तरी कळू नये. अण्णांना थेट एक्सचेंजमध्ये आल्यासारखं वाटलं. इथे बोललं तर कुणाच्या बापाला ऐकू जाणार नव्हतं. पण इथे बायकोला काही सांगावं असं त्यांना वाटेना. ती इथे कधी आलीच नव्हती. ते गुमान बसून राहिले आणि पाच वाजता घरी गेले.

सुनेने त्या दोन दुपारी वाचून पूर्ण केलं आणि शनिवारी सकाळी स्वतः संस्थेत नेऊन दिलं. अण्णा तोवर घरात येरझाऱ्या घालत होते. मुलाचा रविवारचा फोन उद्या येणार होता, आणि तिकडच्या शाळेला उत्तरही उद्याच द्यायचं होतं. खोक्यावर धूळ नव्हती, तरी अण्णांनी दोनदा पुसून काढलं. रबर घालायचं राहिलेल्या डिस्कच्या स्क्रूंकडे मात्र त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही.

सून दीड वाजता आली. पिशवीतून तिने एक जाडजूड पुस्तक काढून टेबलावर ठेवलं, मग दुसरं, मग तिसरं. अण्णांनी पुस्तकांकडे बघितलं आणि मग तिच्याकडे.

"मिळालं," ती समोर उभी राहून म्हणाली. "सगळा संच. तिथेच बसून ऐकलं बाईंनी."

अण्णांचा जीव भांड्यात पडला. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "आणि आवाज?"

"अजिबात नाही म्हणाल्या."

"म्हटलं होतं ना," अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले. "पंखा फिरतच नाही, तर आवाज येईल कुठून?"

"तेच म्हटलं मी बाईंना. आमच्या अण्णांनी बसवलाय म्हटलं."

दोघं जेवली. आमटी दाट होती. अण्णांनी मान खाली घालून ती दोनदा वाढून घेतली. जेवताना सुनेने सगळं सांगितलं: तिकडच्या शाळेला नकार कळवला, मुलाला वाटेतूनच फोन केला, तो थोडा हिरमुसला, पण सुटीत येतो म्हणाला. आणि वाचनाचं वेळापत्रक ठरवलंय. सोमवार, बुधवार, शुक्रवार.

"तेवढे तीन दिवस डॉक्टरांचं ऐका," ती म्हणाली. "बाकी दुपारी काही फिरायला नको. पाय दुखतील."

अण्णांनी मान हलवली. पावणेतीन झाले तसे ते सवयीने बूट शोधायला उठले. पण सुनेने पिशवी आधीच खांद्याला लावली होती आणि तिच्या पायांत सँडल होते. आज शनिवार, आज वाचन नाही, ती म्हणाली. मैत्रिणीकडे जाऊन येते, पाच वाजेपर्यंत काही मी येत नाही, तुम्ही आपले निवांत बसा. तिने जाताना स्वयंपाकघराची खिडकी लावली, मग बाहेरच्या खोलीचीही, रस्त्याकडची. दाराशी पोचल्यावर ती थांबली. अण्णांच्या समोर न येता, आवाज न चढवता, वाचताना बोलायची तशी बोलली.

"आणि आईंना सांगा, मी राहतेय."

बंद खिडक्यांच्या शांततेत, हेडफोनमुळे ओळखीच्या झालेल्या त्या आवाजातला शब्द न् शब्द अण्णांना ऐकू आला होता. तरी त्यांनी कानामागे हात नेला.

"काय म्हणालीस?"

सून दोन पावलं आत आली आणि तेच पुन्हा, जरा मोठ्याने म्हणाली.